मरहूम रफी अहमद किडवई : टपाल-तारेचा कायदा आणि जनतेची अमानत



मुंबईत शिवडीहून वडाळ्याकडे जाणारा एक मोठा रस्ता रफी अहमद किडवई मार्ग या नावाने ओळखला जातो. आपल्यापैकी कित्येकजण त्या रस्त्याने बसमधून गेले असतील. पण हे किडवई कोण, असे कुणी विचारले तर उत्तर देणारा शंभरात एखादाच निघेल. मी माझ्या नववीच्या वर्गात हा प्रश्न विचारला. एका मुलाने ते गायक होते असे सांगितले. रफी या नावामुळे त्याची गल्लत झाली. मी त्याला रागावलो नाही, कारण दोष त्याचा नव्हता. आम्ही शिक्षकांनी आणि आपण पालकांनी ते नाव मुलांना सांगितलेच नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या थोर माणसाची ओळख आपणास करून द्यावी असे मनात आले.

रफीसाहेब स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री होते. टपाल, तार, टेलिफोन आणि विमान वाहतूक ही सारी खाती त्यांच्या हाती होती. आज आपल्या मुलांच्या हाती मोबाइल आहे. त्या मोबाइलमागे जे कायदे उभे आहेत त्यांची मुळे रफीसाहेबांच्या हाती आलेल्या जुन्या कायद्यांतच आहेत. त्यामुळे त्यांचे चरित्र वाचताना आपोआप कायद्याचेही थोडे शिक्षण होईल आणि ते आपल्या उपयोगी पडेल, अशी माझी खात्री आहे.

मसौली ते अलीगढ

रफी अहमद यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ रोजी उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यातल्या मसौली या गावी झाला. वडील इम्तियाज अली किडवई हे जमीनदार होते व सरकारी नोकरीतही होते. आईचे छत्र लहानपणीच हरपले. चुलते विलायत अली हे बाराबंकीचे नामांकित वकील. मौलाना मोहम्मद अली यांच्या कॉम्रेड या इंग्रजी पत्रात ते विनोदी लेखन करीत. त्यांच्या घरातल्या वातावरणाचा रफीसाहेबांच्या मनावर खोल ठसा उमटला. देशाचा विचार करावा आणि सत्तेपुढे दबू नये, हा धडा त्यांना शाळेच्या आधी घरातच मिळाला.

बाराबंकीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षण झाल्यावर ते अलीगढच्या मोहमेडन अँग्लो ओरिएंटल कॉलेजात दाखल झाले व १९१८ मध्ये बी.ए. झाले. नंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला. तो पूर्ण झाला असता तर चांगली वकिली, मानमरातब आणि पैसा हे सारे समोर ठेवलेलेच होते. परंतु १९२० मध्ये खिलाफत व असहकार चळवळीची हाक आली आणि त्यांनी कायद्याची पुस्तके मिटली. लवकरच त्यांची रवानगी तुरुंगात झाली.

विद्यार्थी मित्रांनो, याचा अर्थ शिक्षण सोडावे असा मुळीच घेऊ नका. रफीसाहेबांनी पदवीची परीक्षा सोडली, पण कायद्याचा अभ्यास जन्मभर सोडला नाही. कायदा कुणाच्या बाजूने लिहिला जातो आणि तो कुणाच्या बाजूने वापरता येतो, याची त्यांच्याइतकी जाण फार थोड्या राज्यकर्त्यांना होती.

तुरुंगाचा कैदी, तुरुंगाचा मंत्री

तुरुंगातून सुटल्यावर ते अलाहाबादेस पंडित मोतीलाल नेहरू यांचे खासगी सचिव म्हणून काम पाहू लागले. १९२६ मध्ये स्वराज्य पक्षातर्फे ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले आणि तेथे पक्षाचे मुख्य प्रतोद झाले. रफीसाहेब भाषणबाज नव्हते. सभागृहात ते क्वचित उठत. परंतु कोणता सभासद कोठे आहे, कुणाची काय अडचण आहे, कोणत्या ठरावाला किती मते पडतील, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असे. काँग्रेसने संपूर्ण स्वराज्याची घोषणा करून कायदेमंडळे सोडण्याचा आदेश दिला तेव्हा त्यांनी जागेचा राजीनामा दिला. पुढे रायबरेली जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या साराबंदीच्या चळवळीत ते उतरले आणि पुन्हा तुरुंगात गेले.

१९३७ मध्ये संयुक्त प्रांतात पंडित गोविंद वल्लभ पंत यांचे मंत्रिमंडळ आले. त्यात रफीसाहेबांकडे महसूल आणि तुरुंग ही खाती आली. ज्याने तुरुंगाच्या भिंती आतून पाहिल्या त्याच्याच हाती तुरुंगाच्या किल्ल्या आल्या! महसूलमंत्री म्हणून त्यांनी कुळांना संरक्षण देणारा कायदा पुढे रेटला. तो १९३९ चा संयुक्त प्रांत कूळकायदा होय. आपण स्वतः जमीनदार घराण्यातले, आणि कायदा केला तो कुळांच्या बाजूचा. आपल्याच घराचे उत्पन्न घटवणारा कायदा स्वतःच्या हाताने करणे ही सोपी गोष्ट नव्हे.

त्यानंतर वैयक्तिक सत्याग्रह आला, १९४२ ची चळवळ आली, आणि रफीसाहेबांसाठी तुरुंगाचे दार पुन्हा पुन्हा उघडले. कैद्याच्या जीवनात पत्राचे महत्त्व किती असते ते बाहेरच्या माणसाला कळणे कठीण. त्या काळी राजबंद्याला येणारे आणि त्याने धाडलेले पत्र आधी सरकारी डोळ्यांखालून जात असे. नको त्या ओळींवर काळी शाई फिरे, कधी पत्रच अडकून राही. अशा तुरुंगांतून वर्षे काढलेला हा माणूस १५ ऑगस्ट १९४७ रोजी संपूर्ण देशाच्या टपालाचा मंत्री झाला. पहिल्या मंत्रिमंडळात मौलाना आझाद आणि रफीसाहेब असे दोन मुस्लिम मंत्री होते.

हाती आलेले कायदे

आता जरा कायद्याकडे वळू या. रफीसाहेबांना वारसा म्हणून तीन मोठे कायदे मिळाले होते. पहिला १८८५ चा तार कायदा, दुसरा १८९८ चा टपाल कायदा आणि तिसरा १९३३ चा बिनतारी संदेशांचा कायदा. तिन्ही इंग्रजांनी केलेले.

या कायद्यांचे मर्म थोडक्यात असे होते. तारायंत्र उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार सरकारचा. टेलिफोनही कायद्याच्या दृष्टीने तारच समजला गेला. पैसे घेऊन पत्रे वाहून नेण्याचा हक्कही, थोडे अपवाद सोडले तर, सरकारचाच. पत्र हरवले, उशिरा पोहोचले किंवा भलत्याच घरी गेले, तर सरकारने स्वतःहून जेवढी हमी घेतली असेल तिच्यापलीकडे सरकार जबाबदार नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेचे कारण असेल तर सरकारला पत्र अडवता येईल, तार थांबवता येईल, संदेश वाचता येईल.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तार खात्याच्या नोकराने बेकायदा संदेश फोडला किंवा त्यातील मजकूर बाहेर सांगितला तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. म्हणजे पत्र व तार ही पाठवणाऱ्याची अमानत आहे, हे तत्त्व कायद्यानेही मान्य केले होते. मात्र अमानत सांभाळणारा सरकारी नोकर आणि ती फोडण्याची परवानगी देणारेही सरकारच, अशी ती विचित्र रचना होती.

एकाधिकार ही दुधारी वस्तू आहे. ज्याला स्पर्धक नाही तो आळशी होऊ शकतो, मुजोर होऊ शकतो. पण ज्याच्या हाती एकाधिकार आहे त्याने मनात आणले, तर जिथे एक पैशाचा नफा नाही अशा खेड्यातही तो पत्र पोहोचवू शकतो, कारण शहरातल्या उत्पन्नातून खेड्याचा तोटा भरून काढता येतो. इंग्रजांच्या हाती हे कायदे मुख्यतः राज्य सांभाळण्याचे साधन होते. रफीसाहेबांनी तेच कायदे लोकांना जवळ आणण्याचे साधन बनवले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे सार यातच आहे.

नागपूरची मध्यरात्र

त्यांच्या धडाडीचा सर्वांत सुंदर नमुना आपल्याच नागपुरात घडला. त्या काळी दिल्लीचे पत्र मद्रासला किंवा मुंबईचे कलकत्त्याला रेल्वेने जाण्यास दिवस लागत. विमानाने पाठवायचे तर जादा आकार द्यावा लागे. रफीसाहेबांनी भारताचा नकाशा पाहिला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चार टोके, आणि मध्यभागी नागपूर. चारही शहरांतून रात्री एकेक विमान टपालाच्या पिशव्या घेऊन निघावे, मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपुरास उतरावीत, तेथे पिशव्यांची अदलाबदल व्हावी आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमानाने आपापल्या शहरी परत जावे, अशी ही योजना. संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी हजार मैलांवर वाटले जाणार!

योजना जाहीर होताच टीका सुरू झाली. जे. आर. डी. टाटांसारख्या जाणकार माणसाने तिला विरोध केला. रात्री विमाने उतरवण्याच्या सोयी अपुऱ्या आहेत, हे धाडस धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. रफीसाहेब मागे हटले नाहीत. एका कंपनीने नकार दिला तर दुसरी शोधली. १९४९ च्या जानेवारीअखेर रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. देशातील साध्या पत्रांना, जेथे विमानाने वेळ वाचत असेल तेथे, कोणताही जादा आकार न घेता विमानाने नेले जाऊ लागले. गरिबाचे पोस्टकार्डही श्रीमंताच्या लिफाफ्याशेजारी विमानात बसले.

वाचकहो, खरे चरित्र लिहायचे तर एका बाजूचेच लिहून चालत नाही. टाटांची भीती निराधार नव्हती. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरजवळ रात्रीच्या टपाल विमानाला अपघात झाला आणि माणसे प्राणास मुकली. तोवर रफीसाहेब त्या खात्यात नव्हते. पण धाडसी निर्णयाची किंमत कधी कधी दुसऱ्यांनाही मोजावी लागते, हे आपण विसरू नये. त्याच टाटांच्या साथीने रफीसाहेबांच्याच कारकिर्दीत एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी उभी राहिली आणि ८ जून १९४८ रोजी तिचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मतभेद असलेल्या माणसाबरोबरही देशाचे काम करता येते, हा त्यातला धडा.

खेड्यापर्यंत, तुमच्या लिपीत

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात २३,३४४ टपाल कचेऱ्या होत्या. टेलिफोन तर संपूर्ण देशात सुमारे ८० हजार! रफीसाहेबांनी टपाल खेड्यात नेण्याची मोहीम हाती घेतली. दोन हजार वस्तीच्या गावाला टपाल कचेरी मिळावी असे ध्येय खात्यापुढे ठेवले. आज देशात दीड लाखाहून अधिक टपाल कचेऱ्या आहेत. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागात आहेत. त्या वाढीचा पाया त्या वर्षांत घातला गेला.

टेलिफोनसाठी तिजोरीत पैसा नव्हता आणि मागणी तर मोठी होती. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. ज्याला टेलिफोन हवा त्याने एकरकमी पैसे आगाऊ भरावेत आणि त्या पैशातून नवीन यंत्रे उभी करावीत. हीच ओ.वाय.टी. म्हणजे आपला टेलिफोन आपणच घ्या ही योजना. जुन्या पालकांना हे तीन शब्द चांगले आठवत असतील. टेलिफोनची यंत्रे परदेशातूनच का आणायची, म्हणून १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना सुरू झाला. १९४९ मध्ये देवनागरी लिपीतून तार पाठवण्याची सोय झाली. त्याआधी आपल्या भाषेतली सुखदुःखाची बातमीसुद्धा इंग्रजी अक्षरांच्या वेषातच जात असे.

मराठवाड्यातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. निजामाच्या संस्थानाचे टपाल वेगळे होते, तिकिटे वेगळी होती. १९५० मध्ये संस्थानांची टपाल खाती भारतीय टपालात मिळाली आणि परभणीच्या, नांदेडच्या पत्रावर पुण्या-मुंबईच्या पत्रासारखेच तिकीट लागू लागले. देश एक होतो तो केवळ नकाशावर नव्हे, अशा लहान लहान गोष्टींतून एक होतो.

काळजावरचा घाव

हे सारे काम चालू होते त्या दिवसांत रफीसाहेबांच्या काळजावर केवढा मोठा घाव झाला होता, ते आता सांगतो. १९४७ च्या दंगलीत त्यांचे धाकटे बंधू शफी अहमद किडवई यांची मसुरी येथे हत्या झाली. शफीसाहेब तेथील नगरपालिकेचे प्रशासक होते. जागा सोडून सुरक्षित ठिकाणी जाण्याऐवजी ते आपल्या कामावर थांबले, आणि कामावरच गेले.

विचार करा, भावाचा खून झाला, सभोवार लोक देश सोडून चालले होते, आप्तस्वकीय दोन देशांत वाटले जात होते. त्या क्षणी कडवट होण्याचे निमित्त मिळाले नसते असा माणूस विरळाच. पण किडवई घराणे कडवट झाले नाही. शफीसाहेबांच्या पत्नी बेगम अनीस किडवई यांनी दिल्लीच्या निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन दुःखितांची सेवा केली. आणि रफीसाहेबांनी टपालाच्या पिशव्या हलत्या ठेवल्या. त्या दिवसांत हरवलेल्या माणसांची खबर पत्रातूनच तर मिळत होती! कुणी लाहोरहून, कुणी दिल्लीहून, कुणी छावणीतल्या तंबूतून लिहीत होते की आम्ही जिवंत आहोत. अशा वेळी टपाल खाते चालू राहणे म्हणजे लाखो आयांच्या जिवात जीव येणे होते.

अन्नखाते आणि अखेर

१९५१ मध्ये काँग्रेसमधील मतभेदांमुळे रफीसाहेबांनी पक्ष आणि मंत्रिपद सोडले. काही काळ ते किसान मजदूर प्रजा पक्षात होते, मग स्वगृही परतले. १९५२ च्या निवडणुकीत ते बहराइचमधून लोकसभेवर आले आणि अन्न व शेती खात्याचे मंत्री झाले. तेव्हा देशात धान्याचे रेशनिंग होते, काळाबाजार होता. त्यांनी धान्यावरील नियंत्रणे टप्प्याटप्प्याने उठवली. पुष्कळांनी उपासमारीची भीती घातली होती, परंतु पाऊसपाणीही साथीला आले आणि बाजारात धान्य दिसू लागले.

त्यांना दम्याचा जुना विकार होता. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय अवघे साठ. मसौलीच्या मातीतच त्यांना दफन करण्यात आले. त्यांचा एकुलता एक मुलगा लहानपणीच वारला होता. इतकी वर्षे मंत्री राहिलेल्या या माणसाने मागे ठेवले ते मोडकळीस आलेले गावचे घर आणि डोक्यावरचे कर्ज. कर्ज स्वतःच्या चैनीसाठी नव्हे. दारी आलेल्या गरजूला रिकाम्या हाती पाठवायचे नाही हा त्यांचा स्वभाव. खिशात नसेल तर उसने काढून द्यायचे. देणग्या घेताना त्यांचा हात सैल होता अशी टीकाही त्यांच्यावर झाली. पण त्या हाताला चिकटून काही राहिले नाही, हे त्यांच्या मृत्यूने सिद्ध केले.

१९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यासाठी तिकीट काढले आणि त्यावर त्यांच्या चित्रासोबत टपालाचे विमान दाखवले. गाझियाबाद येथील टपाल अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेलाही त्यांचेच नाव आहे.

त्या कायद्यांचे पुढे काय झाले?

एक प्रश्न मात्र उरतो. पत्र फोडण्याचा आणि तार अडवण्याचा जो अधिकार इंग्रजांनी सरकारला दिला होता तो रफीसाहेबांनी काढून टाकला का? नाही. तो त्यांच्या वेळी राहिला आणि त्यांच्यानंतरही राहिला. चांगल्या माणसाच्या हाती तो शांत पडून होता इतकेच. परंतु प्रत्येक वेळी खुर्चीवर चांगला माणूसच बसेल, याची हमी कोण देणार? म्हणूनच कायद्यात लगाम हवा. तो लगाम पुढे हळूहळू आला.

१९८६ मध्ये टपाल अडवण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही आणि तो कायदा झालाच नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की टेलिफोन चोरून ऐकणे हे नागरिकाच्या खासगी जीवनावरील आक्रमण आहे. ते करायचे तर गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा आणि त्याची फेरतपासणी हवी. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

संगणक आले तेव्हा २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला. त्यात नंतर ६६ अ हे कलम घातले गेले. त्याखाली २०१२ मध्ये आपल्या पालघरच्या दोन तरुणींना समाजमाध्यमावरील एका मजकुरासाठी अटक झाली. देशभर गदारोळ झाला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले. त्या दोन मुली तुमच्या-माझ्या घरातल्यासारख्या सामान्य घरच्या होत्या.

१४ जुलै २०१३ रोजी तारेची सेवा संपली. कायदे मात्र आणखी दहा वर्षे तेच होते. २०२३ च्या डिसेंबरात संसदेने नवा टपाल कायदा आणि नवा दूरसंचार कायदा केला. टपाल कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला. दूरसंचार कायद्याची कलमे त्याच महिन्यापासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. पत्रे वाहण्याचा सरकारचा जुना एकाधिकार नव्या टपाल कायद्यात नाही. तिकिटे काढण्याचा आहे. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था यांसारख्या कारणांसाठी टपाल व संदेश अडवण्याचा अधिकार मात्र दोन्ही नव्या कायद्यांत कायम आहे. म्हणून जागरूकतेची गरजही कायम आहे.

पालक आणि विद्यार्थ्यांसाठी

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत आखातातून पत्रे येत. ज्या दादीला वाचता येत नसे ती पत्र पदराखाली झाकून माझ्याकडे आणी आणि दार लावून वाचायला सांगे. वाचून झाले की म्हणे, बेटा, हे कुणाला बोलू नकोस. मी कधी बोललो नाही. आज कळते की त्या दादीने मला कायद्याच्या कोणत्याही कलमापेक्षा मोठी गोष्ट शिकवली होती. दुसऱ्याचा निरोप ही अमानत असते.

आज ती पत्रे गेली, फोन आले. परंतु दुसऱ्याचा खासगी मजकूर न विचारता पुढे पाठवणारे आपल्यातच कितीतरी आहेत. कुणाचे छायाचित्र, कुणाच्या घरचे भांडण, कुणाच्या मुलीविषयीची अफवा, क्षणात शंभर जणांकडे जाते. सरकारने आपला फोन ऐकू नये असे आपल्याला वाटते, आणि ते योग्यच आहे. मग आपणही दुसऱ्याची अमानत फोडता कामा नये.

पालकांना एक व्यवहाराची सूचना. आपल्या नावाचे सिमकार्ड दुसऱ्याला वापरायला देऊ नका आणि दुसऱ्याच्या कागदपत्रांवर सिमकार्ड घेऊ नका. खोटेपणाने किंवा दुसऱ्याचे सोंग घेऊन सिमकार्ड मिळवल्यास नव्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ओळखीच्या माणसाला मदत म्हणून केलेली चूक उद्या घरावर संकट आणू शकते. आपला कष्टाळू मुलगा अज्ञानापोटी कचेरीच्या पायऱ्या झिजवीत राहावा, हे कुणालाही आवडणार नाही.

आणि विद्यार्थ्यांना एकच विनंती. तुमच्यातून डॉक्टर, इंजिनियर व्हावेत हे आम्हाला हवेच आहे. पण काहींनी कायदा शिकावा, काहींनी स्पर्धा परीक्षा देऊन टपाल आणि दूरसंचार खात्यांत अधिकारी म्हणून जावे. जो कायदा आपण वाचत नाही तो दुसरे कुणीतरी आपल्यासाठी वाचतो, आणि त्याचा अर्थ नेहमी आपल्या सोयीचा लावला जाईलच असे नाही. मसौलीच्या एका मुलाने तुरुंगातून मंत्रालयापर्यंतचा प्रवास केला, हाती सत्ता आली तेव्हा ती जनतेची अमानत मानली आणि जाताना ती स्वच्छ हातांनी परत केली. पुढच्या वेळी वडाळ्याच्या त्या रस्त्यावरून जाल तेव्हा पाटीवरचे नाव वाचा, आणि शेजारी बसलेल्या लहान भावाला किंवा बहिणीला ते नाव कुणाचे ते सांगा. अल्लाह मरहूम रफीसाहेबांना जन्नत नसीब करो, आणि आपल्या मुलांना त्यांच्यासारखी नियत व हिंमत देवो.